मोटारीतलं लाटणं

“खायला म्हशीवानी लागतं, आन् चढ दिसला की मान टाकायची. जित्राब असतीस तर बाजार दावला असता तुला.”

कुडापलीकडून हे शब्द आले तेव्हा सरुबाई भाकरी थापत होती. पहिल्या वर्षी असं काही कानावर आलं की तिचा हात थबकायचा. एकदा तर ते आपल्यालाच म्हटलंय असं समजून तिनं अलीकडून खणखणीत उत्तरही दिलं होतं. आता तिला सवय होती. स्वयंपाकघराला लागून गोठा, गोठ्यात मोटार, आणि मोटारीशी रोज सकाळी बोलणारा तिचा नवरा, उद्धवराव.

मोटार म्हणजे जुनी फोर्ड. कापडी टपाची, लढाईनंतर लिलावात निघालेली, दोन-तीन मालकांचा जीव खाऊन चाकणजवळच्या या मळ्यात आलेली. गोठ्यात ती उभी असे ती बरोबर पाखऱ्या आणि चित्र्याच्या जागेवर. गव्हाण तशीच होती, फक्त तिच्यात कडब्याऐवजी तेलाचा डबा आणि चिंध्या. आणि वर खुंटीला, हात पोचणार नाही पण नजर पोचेल इतक्या उंचावर, त्या जोडीची पितळी घुंगुरमाळ.

पाखऱ्या-चित्र्याचं नाव त्या घरात दोन वर्षं कुणी काढलं नव्हतं. शर्यतीची जोडी ती. घाटात, म्हणजे शर्यतीच्या त्या चढाच्या पट्टीवर, सुटली की लोक टोप्या उडवायचे. मग एका जत्रेत ती शिंगभर मागं राहिली आणि पुढं गेली चऱ्होलीच्या मारुतरावांची जोडी. मारुतराव म्हणजे सरुबाईचा सख्खा थोरला भाऊ. उद्धवरावांनी बैलांच्या तोंडचा फेससुद्धा पुसला नाही. तिथंच घाटाच्या पायथ्याशी समोर दिसलेल्या पहिल्या व्यापाऱ्याला जोडी देऊन टाकली, घुंगुरमाळ तेवढी खांद्यावर घेतली आणि पायी घरी आले. महिन्याभरात मोटार आली. आणि ती जोडी परमुलखात जाऊ नये म्हणून व्यापाऱ्याकडून कुणी सोडवून घेतली, तर मारुतरावांनी. हे पंचक्रोशीला ठाऊक होतं. उद्धवरावांनाही ठाऊक होतं. म्हणूनच त्यांच्या पायांनी चऱ्होलीची वाट टाकली, आणि त्यांच्यामागं सरुबाईचं माहेर तुटलं. भांडण झालं असतं तर चार माणसांनी बसून मिटवलं तरी असतं. पण भांडण झालंच नव्हतं. न झालेलं भांडण मिटवायचं कसं, हे कुठल्याच पंचाला येत नाही.

आणि आता लेकीची, इंद्रायणीची, सोयरीक जमली ती नेमकी चऱ्होलीला. सोपानरावांचा मुलगा, पिंपरीला नव्यानं निघालेल्या औषधाच्या कारखान्यात नोकरी, सायकलवर जाणं-येणं, सुपारीचंही व्यसन नाही. नको म्हणायला जागा नव्हती. सगळे आनंदले. सरुबाईही आनंदली, पण रात्री कूस बदलताना तिला हिशेब लागेना. लेक चऱ्होलीला, भाऊ चऱ्होलीला, आणि नवरा त्या दिशेला तोंडसुद्धा करीत नाही. लग्नात काही वाकडं झालं तर लेकीच्या अंगणात आपण कधी बसणार? माहेर गेलं ते तिनं गिळलं होतं. लेक गिळता येणार नव्हती.

सुपारी फोडायला मुलीचा मामा हवाच, म्हणून मारुतराव आले. दोन वर्षांनी उंबरा ओलांडला, बहिणीकडं बघून डोळे मिचकावले, उद्धवरावांना रामराम घातला. सगळं सुरळीत चाललं होतं. सोपानरावांनी हौसेनं एकच मागणं घातलं, की नवरदेवाला मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत मिरवत आणाल ते मोटारीतून आणा, आमच्या भावकीत हे कुणाचं झालेलं नाही. उद्धवरावांची छाती सदऱ्यात मावेना. आणि तेवढ्यात मारुतराव पानाला चुना लावता लावता बोलले.

“मोटार झ्याक हाय दाजींची. फकस्त वाजंत्र्यांनी जरा दमानं चालायला पायजे. न्हाईतर ती मागं ऱ्हाती.”

बैठक हसली. सोपानराव हसले, सनईवाला गेनबा तर पोट धरून हसला, कारण दोन वरातींत त्यानं स्वतः मागं वळून मोटारीची वाट पाहिली होती. उद्धवरावही हसले. सरुबाईनं ते हसणं दाराआडून पाहिलं आणि तिच्या मनात आलं, झालं, आता हा माणूस काहीतरी करणार.

दुसऱ्याच दिवशी ते कासारवाडीला गेले. तिथं स्टेशनाजवळ, मुंबईच्या सडकेला, दत्तोबा मिस्त्रीचं गॅरेज होतं. दत्तोबा बीडकडचा, कामधंद्यासाठी इकडं आलेला, हातात कला आणि जिभेला हाड नाही. आलेल्या गाडीचं काय बिघडलंय यापेक्षा मालकाचं काय बिघडलंय ते तो आधी ओळखायचा, आणि औषधही त्यालाच द्यायचा.

संध्याकाळी उद्धवराव परतले ते धोतराच्या फडक्यात काहीतरी गुंडाळून, तान्ह्या पोरासारखं धरून. ते त्यांनी देवापुढं ठेवलं आणि हळद-कुंकू मागितलं. सरुबाईनं फडकं बाजूला केलं. आत एक लोखंडी दांडा, हातभराहून लांब, आणि त्याच्या अंगावर जागोजाग टेंगळं. लाटण्याला आवाळू आल्यावर दिसेल तसं.

“शर्यतीच्या गाडीतला शाफ्ट हाय,” उद्धवराव कुजबुजले, जणू गोठ्यातली मोटार ऐकेल. “मुंबैला विमानाच्या मैदानात मोटारी पळवत्यात, तिथला. एका सायेबाची गाडी फुटली, ह्यो तेवढा निघाला.”

मग त्यांनी दत्तोबानं सांगितलेलं सगळं तिला समजावलं. इंजिनाच्या नाकपुड्या असतात. हा दांडा आत फिरतो आणि त्याची टेंगळं त्या नाकपुड्या उघडतात-मिटतात. साध्या गाडीची टेंगळं बारकी, म्हणून तिचा श्वास बारका. ह्याची थोराड, म्हणून ह्याचा श्वास शर्यतीच्या बैलासारखा. हा शेवटचा शब्द त्यांच्या तोंडून निसटला आणि दोघंही एकदम देवाकडं बघू लागली.

“केवढ्याला पडला?” सरुबाईनं विचारलं.

“फुकट म्हन.”

त्या शाफ्टाची किंमत पुढं गावभर फिरली आणि फिरता फिरता कपडे बदलत गेली. गेनबानं विचारलं तर त्याला सांगितलं, तुझं घर आढ्यासकट ईल त्यात. सोपानरावांनी विचारलं तर दोस्तीखातर मिळाला. देवळातल्या पुजाऱ्याला सांगितलं की किंमत सांगायची नसते, दीठ लागते. सरुबाईचा मात्र ‘फुकट’ या शब्दावर कधीच विश्वास नव्हता. फुकट आणलं म्हणणारा नवरा घरातलंच काहीतरी देऊन आलेला असतो, हे तिला ठाऊक. तिनं आधी आपली ट्रंक उघडली. पाटल्या होत्या. इंद्रायणीच्या लग्नाची भांडी मोजली. तांब्याचा हंडासुद्धा जागेवर. तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्या लाजेपोटी ती नवऱ्यासाठी गुळाचा चहा करायला उठली. शेणी आणायला गोठ्यात गेली आणि सहज वर बघितलं.

खुंटी रिकामी होती. मागच्या भिंतीवर घुंगुरमाळेची चंद्रकोर तेवढी राहिली होती, धूर न लागलेली, पांढरी.

सरुबाई शेणी घेऊन परत आली. चहा दिला. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी इंद्रायणी गोठ्यातून आली ती उतरल्या चेहऱ्यानं, आणि तीही काही बोलली नाही. त्या घरात न बोलण्याचा हात इतका बसला होता की आता त्याला शिकवावं लागत नव्हतं.

दत्तोबानं मळ्यात येऊन शाफ्ट बसवला. दुपारपर्यंत मोटारीचं पोट उघडं पडलं होतं. संध्याकाळी ते शिवलं, जुना शाफ्ट गव्हाणीत टाकला आणि उद्धवरावांनी हँडल मारलं. पहिला आवाज झाला तसा शेजारच्या मळ्यातल्या कोंबड्या झाडावर चढल्या. मग मोटार फाटकातून निघाली आणि राजगुरुनगरच्या सडकेवर असली सुटली की धूळ खाली बसायच्या आत मालक चक्कर मारून परत. उद्धवरावांचा फेटा सुटून पाठीमागं लोंबत होता आणि चेहरा पंचविशीतल्या पोरासारखा झाला होता. सरुबाईला क्षणभर वाटलं, जाऊ दे ती माळ, हे तोंड बघायला मिळालं.

पण मोटार थांबली आणि खरा खेळ सुरू झाला. उभी असली की ती अंगात आल्यासारखी घुमायची. दिवे थरथरायचे, दारं वाजायची, आणि पायानं सारखी फूस दिली नाही तर एक आचका देऊन गप्प. हळू चालवायला जावं तर हिसके. आत बसलेल्या माणसाची मान कोंबड्यासारखी पुढंमागं व्हायची. पळायला लागली की मात्र लोण्यासारखी. गेनबा म्हणाला, हिला विचारा तरी कुठलं दैवत आहे, नारळ फोडू. उद्धवराव म्हणाले, नवी आहे, बुजते, सवय होईल.

आणि ते दर दोन दिवसांनी कासारवाडीला जाऊ लागले. कधी पेट्रोलची नळी, कधी ठिणगीचा प्लग, कधी नुसतंच दत्तोबाला दाखवायला.

लग्नाची लुगडी पुण्याहून आणायची होती. कासारवाडीपर्यंत मोटारीनं, पुढं आगगाडीनं, असं ठरलं आणि सरुबाई बरोबर गेली. गॅरेजच्या अंगणात तिला बाकावर बसवून उद्धवराव दाराकडं गेले. पत्र्याचं दार ढकललं, आणि छुन्न.

सरुबाई बाकावरून अर्धी उठली. गिऱ्हाईक आलेलं आतल्या ठोकाठोकीतही कळावं म्हणून दत्तोबानं ती घुंगुरमाळ दाराला बांधली होती. पाखऱ्या-चित्र्या घाटातून घरी यायचे तेव्हा अर्ध्या कोसावरून ऐकू यायची, तीच.

उद्धवराव आत गेले. लगेच बाहेर आले. मोटारीतला पाना घेऊन पुन्हा आत. पाना विसरल्यासारखं करून पुन्हा बाहेर. दर खेपेला दार हळू उघडायचे आणि हळू लावायचे, आणि लावताना मान किंचित कलती. सरुबाई पदर ओठात धरून बघत राहिली. प्लग, नळी आणि नुसतं दाखवायला, हे सगळं तिला तिथं बसल्या बसल्या उलगडलं.

उद्धवराव पाणी प्यायला हापशाकडं गेले तसं तिनं दत्तोबाला गाठलं. लग्नात ही मोटार सनईच्या मागून पायी चालीनं जाईल का, एवढंच तिनं विचारलं. दत्तोबानं तेलकट हात पुसत आभाळाकडं पाहिलं.

“वहिनी, मालकानं इचारलं, पळंल का. म्या म्हनलं, पळंल. हळू चालंल का म्हनून कुनी इचारलंच न्हाई बगा.”

घरी येताना तिच्या ओठांवर आलं होतं, अहो, नवरदेवाला साध्या गाडीतून आणू. पण साधी गाडी म्हटली की तिला बैल आले. तिनं शब्द परत गिळला आणि लुगड्यांच्या गाठोड्याला घट्ट धरून बसली, कारण मोटार भोसरीच्या वळणावर हळू होत होती.

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. ऊन कललं तसा नवरदेव मारुतीपुढं नारळ फोडून, बाशिंग बांधून मोटारीत बसला. मागं करवल्या, पुढं गेनबाची सनई आणि ताशा. मारुतराव आपली गाडी जुंपूनच आले होते, पण ती त्यांनी देवळामागच्या चिंचेखाली सोडली होती, कुणाच्या डोळ्यावर येऊ नये अशी. सरुबाईनं ते पाहिलं. भावानं नजर चुकवली.

उद्धवरावांनी हँडल मारलं. मोटार घुमू लागली. नवरदेवाच्या मुंडावळ्या आपोआप नाचायला लागल्या. सनई सुरू झाली, मोटारीनं एक हिसका दिला आणि बंद. पुन्हा हँडल. पुन्हा हिसका, पुन्हा बंद. तिसऱ्या वेळी उद्धवरावांनी पायावर जोर दिला. मागच्या नळीतून बंदुकीसारखा बार निघाला आणि मोटार सुटली. गेनबानं मागं वळून पाहिलं, आणि सनई तोंडातून न काढता तो पळाला. ताशेवाला त्याच्यापुढं. पळता पळता वाजवायची गत त्यांनी कधी बसवली नव्हती, तरी लोक म्हणतात त्या दिवशी ताशा चांगला वाजला. नवरदेव एका हातानं बाशिंग आणि दुसऱ्या हातानं दार धरून होता. करवल्या किंचाळत होत्या. देवळापासून शंभरेक पावलांवर, चढ सुरू व्हायच्या तोंडाला, उद्धवरावांनी वाजंत्र्यांना वाचवायला पाय काढला. मोटारीनं शेवटचा आचका दिला आणि जी बसली ती बसली. किती हँडल मारलं, सदरा घामानं भिजला, पण ती उठेना.

वऱ्हाड गोळा झालं. सोपानरावांची भावकी आधी हसली, मग कुणीतरी हळूच म्हणालं, मुहूर्त टळतोय. सोपानरावांचं तोंड कसं झालंय ते सरुबाईनं पाहिलं. मांडवाच्या दारात इंद्रायणी पिवळ्या लुगड्यात उभी असणार, हेही तिला न बघता दिसलं. उद्धवराव हँडल हातात घेऊन उभे होते आणि कुणाकडंच बघत नव्हते.

मारुतराव देवळामागं गेले. परत आले ते पाखऱ्या आणि चित्र्याला घेऊन, जू खांद्यावर टाकून.

मारुतरावांनी नाड्यानं जू मोटारीच्या पुढच्या दांडीला आवळलं. बैल जुंपले. मग त्यांनी मेव्हण्याकडं पाहिलं आणि कासरा पुढं केला.

“दाजी, आत कुनीतरी चाकाला पायजे. मला बैलाम्होरं चालवत न्हाई आता, गुडघा धरतोय. तुमी धरा, मी आत बसतो.”

मारुतरावांचा गुडघा आदल्याच महिन्यात घाट चढला होता, हे सगळ्यांना ठाऊक.

उद्धवरावांनी हँडल खाली ठेवलं. कासरा घेतला. पाखऱ्यानं मान वळवून वास घेतला आणि आपला उजवा खूर सावकाश उद्धवरावांच्या पायावर ठेवला. ती त्याची जुनी खोड. पूर्वी उद्धवराव त्यावर त्याला शिवी द्यायचे. आजही दिली, अगदी बारीक आवाजात, आणि पाय मात्र लगेच काढून घेतला नाही.

मग ती मिरवणूक निघाली. पुढं गेनबा, आता दमानं, सगळे सूर जागेवर. मागं कासरा धरून उद्धवराव, डुलत चालणारी जोडी, आणि तिच्यामागं मोटार, आवाज नाही, धूर नाही, राजाच्या पालखीसारखी. आत नवरदेव ताठ. आणि चाकामागं मारुतराव. ते काही नुसते बसले नव्हते. रबरी भोंगा पिळत होते, ओळखीचं माणूस दिसलं की फेट्याला हात लावत होते, एकदा तर विनाकारण डावीकडं वळवून परत सरळ केली, केवळ वळते का ते बघायला. सरुबाई बायकांबरोबर मागून चालत होती. तिला पुढं नवऱ्याची पाठ दिसत होती आणि मधे भावाचा फेटा. दोन्ही इतकी सुखात तिनं बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती.

मांडवाशी पोचले तेव्हा मुहूर्ताला वेळ होता. सोपानराव खूष. त्यांच्या भावकीत आता कुणी म्हणूच शकणार नव्हतं, आमच्याकडं असं झालंय. नवरदेव उतरला. बैल सोडायची वेळ आली, आणि इथं सगळं पुन्हा अडलं. उद्धवराव नाड्याची गाठ सोडत होते, पण गाठ सुटत नव्हती, म्हणजे ते सोडत नव्हते. मारुतराव चाकाला धरून बसले होते आणि उतरायचं म्हणून एक पाय बाहेर काढून पुन्हा आत घेत होते. दोघं एकमेकांशी हवेबद्दल बोलले. यंदाच्या कांद्याबद्दल बोलले. गेनबा सनई पुसत दुसरीकडं बघत होता. सोपानराव खाकरले. सगळ्यांच्या जिभेवर एकच गोष्ट, आणि सगळ्यांनी दात मिटलेले.

सरुबाईनं ओवाळणीचं ताट शेजारणीच्या हातात दिलं, पदर खोचला आणि माणसांमधून वाट काढत मोटारीपाशी आली. वऱ्हाडापुढं तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं. आज उघडलं.

“दादा, ही मोटार तू घिऊन जा. आन् ह्यांची बैलं ह्यांना परत दे. तेंच्याबिगर ह्यांना करमत न्हाई, आन् बैलांनाबी ह्यांच्याबिगर करमत न्हाई. आतलं लाटणं तेवढं काढून ठिव माझ्यासाटी. ते दत्तोबाच्या दारात टाकून मला आमची माळ सोडवून आणायची हाय.”